टेबल तीनचे ‘आपण’

शस्त्रक्रियागृहाच्या मागच्या अंगाला, जिथे रुग्णांचे येणे-जाणे नाही, तिथे एक खोली आहे. खोलीला खिडकी नाही. एका भिंतीशी ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबाखाली हत्यारे निर्जंतुक करणारे पिंपासारखे यंत्र. समोरच्या भिंतीशी पोलादी कपाट. मध्ये एक उंच स्टूल. यंत्र सुरू केल्यापासून दाब पूर्ण उतरेपर्यंत चाळीस मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ चालवणाऱ्याने खोली सोडू नये असा नियम दारामागे चिकटवलेला आहे. कागद दोनदा बदलला, नियम तोच राहिला. तिने तो बावीस वर्षे पाळला.

तिला सगळे सिस्टर म्हणत. डोळ्यांच्या त्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची टेबले चार होती आणि ती तीन नंबरच्या टेबलावर असे. सकाळी ट्रे मांडायचा, रुग्णाच्या चेहऱ्यावर हिरवे कापड घालून फक्त एक डोळा उघडा ठेवायचा, आणि सर्जनच्या उजव्या हाताला स्टुलावर बसून, मागण्याआधी हत्यार पुढे करायचे. मायक्रोस्कोपला बाजूने जोडलेली आणखी एक दुर्बीण असते. सर्जन जो डोळा समोरून पाहतो तोच तिला तिच्यातून आडवा दिसे. एकच डोळा, एकच छेद, एकच चूक. फक्त कूस बदललेली. अशा कुशीवरून तिने किती हजार मोतीबिंदू पाहिले हे तिने कधी मोजले नाही.

तिला डॉक्टर व्हायचे होते आणि ते राहून गेले, अशी ही हकिगत नाही. तिला सिस्टरच व्हायचे होते आणि ती झाली. तिच्या आयुष्यात पेच आला तो एका सर्वनामामुळे.

तिच्या शेजारी बसून निवासी डॉक्टर शिकत आणि शिकून जात. गेल्यावर त्यांचे फोन येत. "सिस्टर, भिंगावरचं आवरण फाडताना सर करंगळी कुठे टेकवायचे हो?" "सिस्टर, पेशंट हलला की सर काय म्हणायचे? तो शांत व्हायचा बघा." हे प्रश्न कोणत्याही पुस्तकात नव्हते, आणि सरांना विचारायची कुणाची छाती नव्हती. ती चाळीस मिनिटांच्या खोलीत बसून एकेकाला उत्तरे देई. तिची मुलगी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. ती एकदा म्हणाली, "आई, तुझी तीच रेकॉर्ड मी चौथ्यांदा ऐकतेय. ग्रुप काढ, एकदाच लिही आणि मोकळी हो."

मुलीनेच फोनवर ग्रुप काढून दिला. नाव ठेवले ‘पहिला छेद’. "तुझं नाव काय टाकू?"

"टेबल तीन टाक. त्यांना कळतं."

ग्रुपमध्ये पहिल्यांदा घेतलेल्या चौघा डॉक्टरांना कळत होते. त्यांनी आपल्या मागच्यांना आत घेतले, मागच्यांनी आणखी मागच्यांना. डोळ्यांच्या शाखेत प्रवेश मिळवू पाहणारे विद्यार्थी आले, दुसऱ्या गावांतले आले. चौघांपैकी एक परदेशी गेला, दोघांचे नंबर बदलले, चौथा मोठा सर्जन झाला आणि वेळ नाही म्हणून बाहेर पडला. वर्षभरात ग्रुपमध्ये अडीच हजार माणसे झाली. टेबल तीन म्हणजे कोण, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हते.

शस्त्रक्रियागृहात ‘मी’ हा शब्द फारसा चालत नाही. सर्जन म्हणतो, "आज आपले अठरा मोतीबिंदू आहेत." भूल देणारा म्हणतो, आणि फरशी पुसणाऱ्या मावशीही हातातली बादली खाली ठेवत तसेच म्हणतात. काम अनेक हातांनी होते याची ती भाषेने दिलेली कबुली आहे, आणि बहुधा तेवढीच कबुली मिळते. सिस्टर जशी बोले तशीच लिही. "आपण छेद घेतो तेव्हा मनगट टेकलेलं असावं." "आपण घाई करतो ती डोळ्यामुळे नाही, बाहेर थांबलेल्या पेशंटमुळे करतो." या ‘आपण’मध्ये किती माणसे आहेत ते कळत नाही, आणि बोलणारी बाई असली तरी क्रियापद ‘घेतो’ असेच चालते. मग वाचणारा आपल्या माहितीने जागा भरतो. छेद घेतो म्हणणारा सर्जन असणार, आणि ‘घेतो’ म्हणणारा पुरुष असणार. तिसऱ्या महिन्यात एकाने लिहिले, "धन्यवाद सर, हाताचा कंप निम्मा झाला."

तिने ते वाचले तेव्हा दाब उतरायला सहा मिनिटे होती. "मी सर नाही," असे तिने टाइप केलेही. तेवढ्यात दुसऱ्याचा प्रश्न आला. त्याच्या रुग्णाने टेबलावर रडायला सुरुवात केली होती आणि त्याला काय बोलावे ते सुचले नव्हते. उद्या पुन्हा तोच प्रसंग येणार होता. तिने आधी त्याला उत्तर दिले. मग यंत्र सुटले. पहिली ओळ पुसली गेली ती गेलीच.

खोटे बोलायला प्रत्येक वेळी वाक्य लागते असे नाही. दुसऱ्याचे वाक्य न खोडणेही पुरते. एकदा न खोडलेले वाक्य दुसऱ्यांदा खोडायचे तर पहिल्यांदा का खोडले नाही याचाही जबाब द्यावा लागतो. म्हणून प्रत्येक दिवशी खरे सांगणे आदल्या दिवसापेक्षा महाग होत गेले. औषधांबद्दल आणि मात्रांबद्दल तिने कधी अवाक्षर लिहिले नाही. ते प्रश्न ती तिसऱ्या वर्षाच्या एका निवासी डॉक्टरकडे सोपवी. ग्रुपची शिस्त तो राखत असल्यामुळे सगळे त्याला मॉनिटर म्हणत. "औषधाचं मॉनिटर सांगतील." यावर लोक लिहीत, "सर ज्युनिअरांना किती मान देतात!" तिची मर्यादाही तिचा मोठेपणा ठरत होती.

एकदा टेबलावर मोठे सर, म्हणजे तिचेच सर्जन, मायक्रोस्कोपमधून डोके न काढता म्हणाले, "आमचा पुतण्या सांगत होता, नेटवर कुणी तीन नंबर म्हणून आहे. पोरं त्याच्यावर जीव टाकतात. मी वाचलं थोडं. मुरलेला माणूस दिसतो."

"हो का सर."

"आपल्या पद्धतीनंच करतो म्हणे सगळं. चिमटा."

तिने चिमटा दिला. त्या क्षणी सांगणे शक्य होते असे तिला नंतर अनेकदा वाटले. पण उघड्या डोळ्यात हत्यार असताना सर्जनला चकित करायचे नसते, हेही तिनेच कुणाला तरी लिहून पाठवले होते.

घरी तिच्या ‘आपण’ची टिंगल होई. नवरा एका कंपनीत लिफ्ट दुरुस्तीला होता. जेवताना तो गंभीर चेहऱ्याने विचारी, "आपण आज मीठ विसरलो आहोत का?"

"आपण नाही, मी विसरले."

"बाबा, ऐकलंत? ‘मी’ म्हणाली!" मुलगी ताटावर चमचा वाजवी. "लिहून ठेवा तारीख."

दीड वर्ष असे गेले. मग एका सोमवारी डावखुरीचा मेसेज आला.

ग्रुपमध्ये तिने हेच नाव घेतले होते. डोळ्यांच्या शाखेत तिला प्रवेश मिळून तीनच महिने झाले होते. तिने लिहिले होते, "मला गेल्या आठवड्यात पहिल्यांदा टेबलावर बसवलं. चारही केसेसमध्ये माझा हात डोळ्यावरून आडवा गेला. विभागप्रमुख म्हणाले, डाव्या हाताचं डोळ्यात काम नाही. शुक्रवारी पाचपर्यंत शाखा बदलायचा अर्ज दे, नंतर मुदत नाही. मी काय करू?"

उत्तरे भराभर आली. उजव्या हाताने शीक. त्वचेची शाखा चांगली असते. एकाने विनोद केला, "डावे डोळे तू कर, उजवे आमच्याकडे पाठव." मॉनिटरने त्याला दटावले.

सिस्टर एकाच शब्दापाशी थांबली. आडवा.

नऊ वर्षांपूर्वी टेबल तीनवर एक उंच, खांदे पाडून चालणारा निवासी डॉक्टर आला होता. मावश्या त्याला लंबू म्हणत. तोही डावखुरा. पहिले चार दिवस बाजूच्या दुर्बिणीत त्याचे कोपर भलत्याच ठिकाणी दिसे. हत्यार उजवीकडून येई, तो ते डाव्या हाताने घ्यायला डोळ्यावरून हात आडवा टाकी, आणि सगळे गणित बिघडे. मोठे सर कपाळावर आठ्या घालून पाहत. पाचव्या सकाळी तिने ट्रे उलटा मांडला, जणू आरशात पाहून. चिमटा डावीकडून पहिला. आणि आपले स्टूल उचलून सर्जनच्या डाव्या हाताला नेले. कुणी विचारले नाही, तिने सांगितले नाही. तीन आठवड्यांनी मोठे सर म्हणाले, "हात बसला रे तुझा." लंबू खूश होऊन म्हणाला, "सराव केला सर." तिलाही त्यात वावगे वाटले नाही. ट्रे बरोबर मांडलेला असला की तो कुणाच्या लक्षात येत नाही; लक्षात न येणे हीच त्या कामाची पावती.

म्हणजे डावखुरीचा दोष हातात नव्हता, मांडणीत होता. आणि ही गोष्ट कोणत्याही सर्जनला माहीत असण्याचा संभव नव्हता, कारण सर्जन ट्रे मांडत नाही.

बुधवारी दुपारी तिने डावखुरीला वेगळा मेसेज केला. "आपण डाव्या हाताने छेद घेतो तेव्हा ट्रे उलटा मांडलेला लागतो आणि सिस्टरने डावीकडे बसावं लागतं. मग हात आडवा जात नाही. तुमच्या हातात दोष नाही. अर्ज देऊ नका."

उत्तर तत्काळ आले. "सर! आपण डावखुरे आहात?"

तेवढ्यात यंत्राची शिट्टी झाली आणि टेबलावरून हाक आली. दोन तास तिला फोन पाहता आला नाही. दोन तासांच्या मौनाचा अर्थ डावखुरीने होकार असा घेतला. परत येऊन पाहते तो ग्रुपमध्ये दिवाळी आल्यासारखा आनंद होता. "तीन नंबर सर डावखुरे आहेत!" डावखुरीने लिहिले होते. खाली शंभरावर उत्तरे. दोन मुलगे आणि एक मुलगी पुढे आली होती, आम्हीही डावखुरे, आजवर बोललो नव्हतो म्हणून. मॉनिटरने लिहिले होते, "सर, हे आपण कधी बोलला नाहीत!"

गुरुवारी सकाळी डावखुरीचा पुन्हा मेसेज आला. "विभागप्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, कोण हा सर्जन? नाव सांग. पंचवीस वर्षांत मी एक धड डावखुरा बघितला नाही. त्याला म्हणावं, शुक्रवारी पाचच्या आत मला फोन कर, नाहीतर तू अर्जावर सही कर. सर, एकच फोन. मी आपल्या भरवशावर बसले आहे."

आता बाहेर पडायच्या सगळ्या वाटा तिने स्वतःच बंद केल्यासारख्या झाल्या. गप्प राहावे तर डावखुरी शाखा सोडणार. फोन करावा तर सर्जन म्हणून करावा लागणार, आणि ते आता न खोडलेले वाक्य राहणार नव्हते, ते तिचे स्वतःचे खोटे झाले असते. खरे सांगावे तर तिच्या शब्दाला वजन कसले? ज्ञान ज्याच्या हातून घडते त्याच्या तोंडून ते ऐकून घेतले जातेच असे नाही. बोलण्याचा अधिकार पदाला चिकटलेला असतो. पद नसलेल्याने डोळ्यांनी पाहिलेलेही ऐकीव ठरते.

एक माणूस उरला होता. दुपारी यंत्र लावून तिने लंबूला, म्हणजे वेळ नाही म्हणून ग्रुपमधून बाहेर पडलेल्या त्या चौथ्याला, फोन केला.

"सिस्टर! अहो, किती महिन्यांनी! बोला बोला, दोन केसेसच्या मध्ये आहे."

"एका मुलीच्या विभागप्रमुखांना तुम्ही फोन कराल का? डावखुरी आहे. तिला काढताहेत. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

"काय सांगू?"

"ट्रे उलटा मांडला की जमतं म्हणून. तुम्हाला जमलं तसं."

"कुणी मांडला उलटा?"

"मी."

"कधी?"

"तुमच्या पाचव्या दिवसापासून."

पलीकडे तो मोकळेपणाने हसला. "सिस्टर, काहीतरी घोटाळा होतोय तुमचा. मी बकऱ्याच्या डोळ्यांवर दीडशे छेद घेतले होते त्या महिन्यात. बोटं सोलली होती. हात त्यानं बसला."

"घेतले असतील. ट्रेही उलटा होता."

"मला नाही आठवत."

"आता तुमच्याकडे ट्रे कसा मांडतात?"

"सिस्टर मांडतात," तो म्हणाला. "मी कधी बघितलं नाही."

मग तोच पुढे बोलला, आणि आवाजात आता काळजी होती. "जे मला आठवत नाही त्याची साक्ष कशी देऊ? आणि हे बघा, तो ग्रुप अजून चालू आहे का? तुम्ही कोण ते त्यांना माहीत आहे ना?"

"नाही."

"अरे बापरे. सिस्टर, माझं ऐका. गुपचूप बंद करून टाका. कुणी विचारलं तर मी काही ऐकलेलं नाही."

तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या यशातला एक हात त्याला कधी दिसलाच नव्हता, आणि आपल्याला न दिसलेला हात नव्हताच असे मानणे हे यशस्वी माणसांचे खास पाप नाही; ते सगळेच करतात. पण त्यामुळे दार बंद व्हायचे राहिले नाही.

संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा ती स्वयंपाकघराच्या ओट्याशी काही न करता उभी होती. तो मोरीत हाताचे ग्रीस साबणाने घासू लागला. तिने विचारले, "लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला तुम्ही फोनवर पहिलं काय सांगता?"

"दार ओढू नका म्हणून. अडकून कुणाला काही होत नाही, होतं ते बाहेर पडायच्या घाईत."

"आणि मग?"

"मग विचारतो, कितव्या मजल्यावर आहात?" त्याने पंचा घेतला. "निम्म्यांना सांगता येत नाही. काही तर लाजेनं भलताच सांगतात. परवा एक साहेब, तिसऱ्यावर अडकले आणि पाचवा सांगितला, कारण तिसऱ्यावर त्यांचं काही काम नव्हतं म्हणे. आम्ही पाचव्याचं दार उघडलं. आत लिफ्ट नाही, नुसती विहीर." तो हसता हसता थांबला. "का गं?"

"काही नाही. अहो, जेवायला बसा."

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. आता ती कॉलेजात होती आणि टिंगल कमी करू लागली होती. "आई, एक तर लिहून टाक, नाहीतर ग्रुप उडव. मी उडवून देते, दोन मिनिटांचं काम आहे."

"आणि ती मुलगी?"

"तिला काय, तुझ्या ‘आपण’नं आधीच लटकवलंय."

हे खरे होते. तिने ताटे घेतली.

शुक्रवारी चार वाजायला दहा मिनिटे कमी असताना तिने यंत्राचे दार फिरवून घट्ट केले आणि स्टुलावर बसली. तिने ‘मी’पासून सुरुवात केली. दीड वर्षात या फोनवर तिने तो शब्द इतका क्वचित लिहिला होता की फोन तो सुचवत नव्हता.

"मी सर नाही. मी डॉक्टर नाही. मी बावीस वर्षं टेबल तीनवर सिस्टर आहे. मी ट्रे मांडते. मी आपण म्हणत होते ते टेबलाभोवतीच्या सगळ्यांना धरून होतं. तुम्ही ते सर्जनचं समजलात आणि मी समजू दिलं. ही चूक माझी आहे, शब्दाची नाही. मी डावखुरी नाही. पण नऊ वर्षांपूर्वी एका डावखुऱ्या डॉक्टरांसाठी मी ट्रे उलटा मांडला आणि माझं स्टूल डावीकडे नेलं. त्या दिवसापासून त्यांचा हात आडवा गेला नाही. त्यांना हे आठवत नाही. मी बाजूच्या दुर्बिणीतून बघितलं आहे. डावखुरीच्या विभागप्रमुखांना माझ्याशी बोलायचं असेल तर माझा नंबर हाच. डॉक्टर म्हणून नाही, ट्रे मांडणारी म्हणून."

चार वाजून दोन मिनिटांनी तिने ते ग्रुपवर पाठवले. जिथे गैरसमज जाहीर झाला होता तिथेच ते जायला हवे होते. दाब चढलेला होता. अजून अठ्ठावीस मिनिटे तिला दाराबाहेर पाऊल टाकता येणार नव्हते. फोन मांडीवर थरथरत राहिला.

"म्हणजे दीड वर्ष आपण नर्सकडून शिकत होतो?"

"शिकलास ना पण?"

"मुद्दा तो नाही."

"मग काय मुद्दा आहे? माझा कंप गेला तो काय माझ्या मामानं घालवला?"

"उद्या वॉर्डबॉय सांगेल भूल कशी द्यायची."

"फसवणूक आहे ही. सरळ फसवणूक."

शेवटचे वाक्य तिने पुन्हा वाचले. ते तिला खोडता येईना. तिने ते खोडू पाहिलेही नाही.

मग मॉनिटरने लिहिले. त्याने शब्द जपून वापरले होते. "आपण या समूहासाठी जे केलंत त्याबद्दल सर्वांच्या वतीने आभार. परंतु मार्गदर्शन नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावं हे योग्य होईल. तरी आपण स्वतःहून ॲडमिनपद सोडावं ही विनंती."

इथेही ‘आपण’च होते. पण या ‘आपण’मध्ये आता ती एकटीच होती. आदराने उघडलेल्या त्या शब्दाच्या दारातून बाकी सगळे बाहेर निघून गेले होते आणि तिला आत ठेवले होते. तिने मॉनिटरला ॲडमिन केले आणि स्वतःचे नाव त्या यादीतून काढले. काही मिनिटांनी सूचना आली की यापुढे या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन लिहू शकतील. ‘पहिला छेद’ तिला दिसत होता, बोलता येत नव्हते. साडेचारला वाफ सुटली.

ती ट्रे घेऊन टेबलावर गेली. पाच वाजले तेव्हा मोठ्या सरांच्या हातात भिंग होते आणि तिच्या हातात चिमटा. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिने पाहिले नाही. दुर्बिणीतून डोळा काढता येत नव्हता. सव्वापाचला हातमोजे उतरवून तिने फोन उघडला. विभागप्रमुखांचा फोन आलेला नव्हता. डावखुरीचा मेसेज होता.

"अर्ज दिला नाही. तुमचं सगळं विभागप्रमुखांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, सर्जन नाही, निदान डॉक्टरही नाही, ट्रे मांडणारीच्या भरवशावर? बरं, तीन महिने देतो, हौस भागवून घे. सिस्टर, मला तुमचा राग आलाय. मी सगळ्यांसमोर तोंडघशी पडले. पण हात आडवा का जातो हे मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही. आता अडचण वेगळीच आहे. आमच्या ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर म्हणतात, ट्रे कुणासाठी बदलत नसतो."

तिने ते दोनदा वाचले. मुदत संपली होती. शाखा बदलायचे दार आता मुलीसाठीही बंद झाले होते, आणि पुढचे दार ज्यांच्या हातात होते त्या हातांना मुलगी हुकूम करू शकत नव्हती. सिस्टरने तिला सोडवले नव्हते. आपल्याच खोलीत तिला शेजारी बसवून घेतले होते.

शनिवारी मुलीने, तिच्या स्वतःच्या मुलीने, विचारले, "अजून त्या ग्रुपमध्ये कशाला बसलीयस? बाहेर पड ना."

"दिसतंय ते बघते."

"बोलता येत नाही तर बघून काय?"

"बावीस वर्षं तेच करतेय," ती म्हणाली. तक्रारीने नाही.

सोमवारी टेबलावर मोठे सर दुर्बिणीत डोके घालून म्हणाले, "सिस्टर, ते तीन नंबर."

"हो सर."

छेद पुरा झाला. "हं," ते म्हणाले. "चिमटा."

दुपारी ऑटोक्लेव्हच्या खोलीत दारामागे जुन्या नियमाखाली नवा कागद लागला होता. पुढच्या सोमवारपासून या खोलीत मोबाइल आणण्यास मनाई. तिने तो वाचला, यंत्र लावले आणि डावखुरीकडून मिळवलेला तिथल्या सिस्टरचा नंबर फिरवला.

"कोण बोलतंय?" पलीकडचा आवाज थकलेला आणि चढा होता.

"मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे, दुसऱ्या रुग्णालयात. तुमच्याकडे एक डावखुरी डॉक्टर आहे—"

"तिनं लावलं का तुम्हाला माझ्या मागे? हे बघा बाई, आपण ट्रे बदलत नाही. आपल्याकडे एकच मांडणी, पहिल्यापासून. आज एकीसाठी बदलला की उद्या सगळे मागणार."

हे ‘आपण’ तिच्या ओळखीचे होते. त्यात सगळे होते आणि कुणीच नव्हते. इतकी वर्षे नव्या मुलींना तिनेही ते असेच ऐकवले होते.

"मलाही असंच वाटायचं," ती म्हणाली. "मग मी बदलला."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

पलीकडून वाफेचा बारीक फुसकारा ऐकू आला. आधी तिला वाटले तो तिच्याच यंत्राचा आहे.

"तुम्ही ऑटोक्लेव्हच्या खोलीत आहात का?" तिने विचारले.

"मग कुठे असणार? दाब चढलाय. अजून पंचवीस मिनिटं इथून हलता येत नाही."

"मलाही. माझी एकतीस आहेत."

पलीकडच्या बाई हसल्या नाहीत. स्टूल सरकवल्याचा आवाज आला, मग ट्रे ओढल्याचा, पोलादावर पोलाद घासल्याचा.

"सांगा तर खरं," त्या म्हणाल्या. "बदलीनच असं नाही. चिमटा कुठे ठेवलात?"

तिने डोळे मिटले. समोर कपाटाची पोलादी भिंत होती. तिने मिटल्या डोळ्यांनीच हात पुढे केला आणि हवेत एकेक हत्यार मांडू लागली.

"डावीकडून पहिला," ती म्हणाली.